भिंतीआडचे म्हातारपण

दिवाळीच्या अंकात तुरुंगाची गोष्ट काढली, तर घरातली वडील मंडळी डोळे वटारणार हे आम्हाला ठाऊक आहे. पुढ्यात चिवड्याची बशी, बाहेर पोरांच्या लवंग्या फुटताहेत, आणि हा गृहस्थ म्हणे कैद्यांविषयी लिहितो! पण वाचकहो, जरा आठवून पाहा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाखाली कारीट चिरडतो ते कशासाठी? नरकासुराच्या बंदिखान्यातून सोळा सहस्र एकशे स्त्रिया सुटल्या, त्याचा हा उत्सव. आणि पाडव्याला ज्याची पूजा करतो तो बळी कोण? पाताळात स्थानबद्ध झालेला राजा! वर्षातून एकदा पृथ्वीवर त्याचे राज्य येते असे पुराण सांगते. आजच्या भाषेत बोलायचे तर तो रजेवर सुटलेला राजबंदीच म्हणायचा. तेव्हा बंदिवानाची आठवण काढायला दिवाळीइतका योग्य सण दुसरा नाही.

आम्हा सोलापूरकरांना तर तुरुंग या शब्दाचे वावडे असण्याचे काही कारणच नाही. १९३० च्या मे महिन्यात या गावावर लष्करी कायदा लादला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. दरसाल सिद्धेश्वराच्या गड्ड्याची गडबड चालू असते तेव्हाच हा दिवस येतो, आणि त्या दिवशी येरवड्याचे नाव आपण मान लववून घेतो. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मात्र तुरुंग म्हणजे 'ते लोक', आणि 'ते लोक' म्हणजे आपण नव्हे, असा आपला खाक्या असतो. त्या भिंतींच्या आतही माणसे म्हातारी होतात, आजारी पडतात आणि मरतात, हे आपल्या ध्यानीमनी नसते. आजचे हे पान त्या म्हाताऱ्यांसाठी.

आधी आपल्याच घरातल्या आजोबांकडे पाहू. आजोबांना साखर आहे, रक्तदाब आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, गुडघे बोलतात आणि रात्रीतून तीन वेळा उठावे लागते. म्हणून त्यांची खाट न्हाणीघराच्या जवळ ओढली आहे. भाकरी चावत नाही म्हणून ती दुधात कुस्करली जाते. संध्याकाळी सुनेचा प्रश्न ठरलेला, "मामंजी, गोळी घेतलीत का?" नातू पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून दाखवतो. म्हातारपणीचे आजार एकदा आले की जायचे नाव घेत नाहीत, त्यांना सांभाळून न्यायचे असते. अशा आजाराचे अर्धे औषध गोळीत असते, आणि उरलेले अर्धे गोळी घेतली का हे विचारणाऱ्या माणसात.

आता याच आजोबांना मनातल्या मनात बराकीत नेऊन बसवा. निजायला जमीन. संडास बराकीच्या टोकाला, उकिडवे बसायचा, आणि तिथे जायचे तर निजलेल्या माणसांच्या हातापायांवरून. संध्याकाळी 'बंदी' होते, म्हणजे मोजणी होऊन कुलपे लागतात, ती सकाळपर्यंत. रात्रीचे जेवण त्याआधीच उरकलेले असते. तेव्हा इन्शुलिन घेणाऱ्याने रात्रीची लांबलचक पोकळी कशी भरून काढायची? दात नसलेल्याला तीच पोळी, पथ्याच्या माणसाला तीच डाळ. आणि समजा, मध्यरात्री छातीत कळ आली. मग शेजारच्याने हाका मारायच्या, पहारेकऱ्याने वर कळवायचे, अधिकाऱ्याने किल्ल्या आणायच्या, डॉक्टरांना उठवायचे, मग मोटार, मग पोलिसांचा पहारा. हृदयविकाराला मिनिटांचा हिशेब कळतो, किल्ल्यांचा कळत नाही.

पण ही म्हातारी माणसे तिथे जातात तरी कशी, असे तुम्ही विचाराल. काहीजण जन्मठेपेचे, चाळिशीत आत गेलेले आणि आतच पिकलेले. काही मात्र उतारवयातच आत येतात. बांधावरच्या भांडणात डोके फुटते आणि फिर्यादीत घरातल्या झाडून साऱ्या पुरुषांची नावे पडतात, सत्तरीच्या म्हाताऱ्यासकट. सून जळून मरते आणि सासूला अटक होते. दोषी असेल, नसेलही. ते ठरायला वर्षे लागतात. पतसंस्था बुडते आणि सही करण्यापुरते संचालक झालेले निवृत्त मास्तर कोठडीत जातात. 'ते लोक' आणि 'आपण' यांच्यामधली भिंत वाटते तितकी जाड नाही, ती अशी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांतले चारांतले तीन कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. त्या एका वर्षात तुरुंगात १,९९५ माणसे मेली. त्यांतल्या १,७७३ मृत्यूंवर शिक्का बसला 'नैसर्गिक'. आता मृत्यू तसा नैसर्गिकच असतो. पण पथ्य चुकले, गोळी चुकली, इस्पितळाची तारीख चुकली, आणि मग आलेला मृत्यू कितपत नैसर्गिक म्हणायचा, हे त्या रकान्यात लिहायला जागा नाही.

हा प्रश्न नवा नाही, आणि आपल्या मुलुखाला तर मुळीच नवा नाही. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या बावन्नाव्या वाढदिवसाला एक दिवस उरला होता. मंडालेला गेले तेव्हा त्यांना मधुमेह होता. त्या काळी इन्शुलिन नव्हते; रोग्याला ते पहिल्यांदा टोचले गेले १९२२ साली, टिळकांच्या मृत्यूनंतर. तेव्हा मधुमेहावर औषध ते एकच, पथ्याचे खाणे. एवढ्या बलाढ्य साम्राज्याला आपल्या कट्टर शत्रूच्या पोटात काय जाते हा प्रश्न सोडवावा लागला, आणि तो सुटला म्हणून टिळक १९१४ साली जिवंत परत आले. दीर्घ आजाराच्या कैद्याला फार मोठे काही लागत नाही. लागते ते रोजच्या रोज, न चुकता लागते, एवढेच.

दुसरी हकीकत अधिक जवळची आणि अधिक दुःखाची आहे. त्याच येरवड्याच्या बाजूला, नगर रस्त्यावर, आगाखान पॅलेस आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि त्यांची माणसे तिथे स्थानबद्ध झाली. आत जाऊन आठवडाही उलटला नाही तोच, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई हृदयविकाराने गेले. पुढे कस्तुरबांचा आजार बळावला. श्वासनलिकेचा जुना दाह आणि त्यात हृदय दुबळे झालेले. खरे म्हणजे त्यांच्याइतकी वैद्यकीय सोय कोणत्या कैद्याला मिळणार? डॉक्टर सुशीला नायर त्यांच्याबरोबरच बंदीत होत्या, आणि मुंबईचे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर गिल्डर हेही त्याच छपराखाली स्थानबद्ध होते. तरीसुद्धा बाहेरून निसर्गोपचाराचे दिनशा मेहता यावेत, वैद्यराज शिव शर्मा यावेत, शुश्रूषेला आपले माणूस मिळावे, यासाठी गांधीजींना सरकारला पत्रांवर पत्रे लिहावी लागली. मागण्या मंजूर झाल्या, नाही असे नाही. पण एकेक मंजुरी आली ती रेंगाळत, आणि रोग काही रेंगाळत नव्हता. वैद्यराजांना रात्री आत राहण्याची परवानगी नव्हती, म्हणून ते फाटकाबाहेर मोटारीत झोपत. आत रोगी, बाहेर वैद्य, मध्ये फाटक! कैद्याच्या आजारपणाचे याहून नेमके चित्र कोणत्या चितारीला काढता यायचे नाही.

शेवटच्या दिवसांत आणखी एक प्रश्न उभा राहिला. देवदास गांधींनी विमानाने पेनिसिलिन मागवले. ते त्या काळी नवलाईचे औषध होते. पण त्यासाठी दर थोड्या तासांनी सुया टोचाव्या लागणार, हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटले. जाणाऱ्या जिवाला आता यातना कशाला, असा त्यांचा विचार. त्यांचे बरोबर की चूक, यावर आजही घरोघर वाद होईल. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या कस्तुरबांनी पतीच्या मांडीवर डोके ठेवून प्राण सोडला. बंदीतच. पण एवढे तरी त्यांच्या पदरात पडले की, औषध द्यायचे की थांबवायचे हे त्यांच्या माणसांनी ठरवले, आणि डोके टेकायला आपली मांडी होती. आजच्या साध्या कैद्याच्या बाबतीत हे कोण ठरवतो? कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवायचे की नाही हे विचारायला नातेवाईक वेळेवर सापडत नाहीत, आणि पहाऱ्यावरचा शिपाई बिचारा काय सांगणार? शेवटच्या आजारात नुसते मरण लांबवणारे उपचार नकोत, असे आधीच लिहून ठेवण्याचा सज्ञान व सुबुद्ध माणसाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. कैदी झाला म्हणून माणूस सुबुद्ध राहत नाही असे थोडेच आहे!

कस्तुरबा गेल्या आणि अडीच महिन्यांनी, ६ मे १९४४ रोजी, खुद्द गांधीजींना प्रकृतीच्या कारणावरून सोडण्यात आले. त्यांचा मृत्यू आपल्या कोठडीत होऊ नये, याची सरकारला चिंता पडली होती. १९७५ च्या आणीबाणीत त्र्याहत्तर वर्षांच्या जयप्रकाशांचे मूत्रपिंड निकामी झाले तेव्हाही तसेच घडले. नोव्हेंबरात त्यांची सुटका झाली, मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार सुरू झाले, आणि पुढची चार वर्षे ते रक्तशुद्धीच्या यंत्राच्या आधाराने जगले. सत्ताधीश परके असोत की घरचे, कैदी मरणाच्या दारात गेला की त्याला सोडण्याची त्यांना घाई होते. ही घाई रोग्याच्या जिवासाठी की सरकारच्या नावासाठी? आणि ज्याच्या मरणाने नाव खराब व्हायचे नाही, अशा अनोळखी म्हाताऱ्यासाठी घाई कोण करणार?

कायद्यात सोय नाही म्हणावे, तर तसेही नाही. १८९४ चा तुरुंग कायदा, तोही साहेबाने केलेला. त्यात लिहिले आहे की आत येणाऱ्या प्रत्येक कैद्याची तपासणी व्हावी, आजारी कैद्याची वर्दी विनाविलंब डॉक्टरकडे जावी, प्रत्येक तुरुंगात इस्पितळ किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा असावी. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी मंडेलांच्या नावाने नियम केले. मंडेलांनी सत्तावीस वर्षे तुरुंगात काढली आणि आतच त्यांना क्षय झाला, तेव्हा नाव शोभलेच. त्यांत म्हटले आहे की बाहेरच्या माणसाला जी वैद्यकीय मदत मिळते तीच आतल्यालाही मिळावी. न्यायालयाने जामीन देताना आजारी व दुर्बळ आरोपीचा वेगळा विचार करावा, हे जुन्या फौजदारी संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. शिक्षा झालेल्यांसाठी संचित रजा आहे, अभिवचन रजा आहे, सरकारला शिक्षा कमी करता येते, राज्यपालांना माफी देता येते. एकूण दरवाजे पुष्कळ आहेत. अडते ते बिजागऱ्यांत.

एकच बिजागरी पाहा. तुरुंगातल्या डॉक्टरने कैद्याला मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितले. आमच्याकडे मोठे इस्पितळ म्हणजे 'सिव्हिल', कागदोपत्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. कैद्याला तिथे न्यायचे तर पहारा पोलिसांचा लागतो, आणि पोलीस काही तुरुंगाच्या हाताखाली नसतात. इकडे आषाढीचा बंदोबस्त, तिकडे निवडणूक, मग गड्ड्याची यात्रा. पहारा मिळाला नाही की तारीख हुकते. हुकलेली तारीख पुन्हा मिळायला आठवडे जातात. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. प्रत्येकाने आपापले काम केले आहे, कागद आपापल्या जागी नीट लागले आहेत, आणि म्हाताऱ्याची गाठ मात्र सुपारीची होती ती लिंबाएवढी झाली आहे!

या दिरंगाईचे गाजलेले उदाहरण फार जुने नाही. फादर स्टॅन स्वामी, वय वर्षे त्र्याऐंशी, ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात रांचीहून पकडले गेले आणि नवी मुंबईच्या तळोजा तुरुंगात आले. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे हा या पानाचा विषय नाही. तो खटला त्यांच्या हयातीत उभाच राहिला नाही. त्यांना कंपवात होता. हात असे थरथरत की पेला तोंडाला लावता येईना. त्यांनी पाणी पिण्यासाठी नळी आणि चोचीचा पेला मागितला. यासाठी विशेष न्यायालयात अर्ज करावा लागला, तपास यंत्रणेने म्हणणे मांडायला वीस दिवसांची मुदत मागून घेतली, आणि मग उत्तर दिले की असा पेला आम्ही जप्तच केलेला नाही. आपल्या घरी पाहुण्याने पाणी मागितले तर आपण गूळही देतो. इथे पाण्याच्या नळीला महिना लागला. पुढे २०२१ च्या मेमध्ये त्यांनी उच्च न्यायालयाला सांगितले की मला सरकारी इस्पितळात जायचे नाही, माझ्या माणसांत राहायचे आहे. न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्याची आज्ञा दिली. ५ जुलै २०२१ रोजी त्यांच्या जामिनाचा विषय न्यायालयापुढे निघाला, तेव्हा डॉक्टरांनी येऊन सांगितले की ते गेले.

त्याच प्रकरणातले तेलुगू कवी वरवरा राव ऐंशी ओलांडलेले होते. त्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रकृतीसाठी सहा महिन्यांचा जामीन दिला. तुरुंगातले इस्पितळ अशा रोग्याला पुरे पडणारे नाही, आणि त्यांना परत तिथे धाडणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे, असे न्यायालयाला दिसले. १० ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो जामीन कायम केला. म्हणजे दरवाजा उघडतो. पण ही दोन्ही नामांकित माणसे. त्यांना मोठमोठे वकील होते, वर्तमानपत्रे होती. माढ्याच्या की अक्कलकोटच्या ज्या म्हाताऱ्याचे घरून पत्रदेखील येत नाही, त्याच्यासाठी बिजागऱ्यांत तेल कोण घालणार?

आणि गंमत पाहा. गंमत हा शब्द वापरताना लाज वाटते, पण दुसरा सुचत नाही. हाच कैदी मेला की सारी यंत्रणा खडबडून जागी होते. मानवी हक्क आयोगाच्या १९९३ च्या आज्ञेप्रमाणे चोवीस तासांत वर्दी जावी लागते. शवविच्छेदन होते, त्याचे चित्रीकरण होते. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते. हे सगळे योग्यच आहे. पण मेल्यावर चोवीस तास मोजणारे घड्याळ, तो जिवंत असताना कुठे टांगलेले असते?

आता दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. अनेकांच्या ओठांवर ती आलीच असेल. "त्याने ज्याचा गळा दाबला त्याला कोणी पाणी पाजले होते का?" हा प्रश्न खोटा नाही, आणि ज्यांचे माणूस गेले त्यांच्या तोंडून आला तर त्याला उत्तर देण्याचा धीर आम्हाला होणार नाही. पण न्यायाधीशाने शिक्षा लिहिली तेव्हा ती वर्षांत लिहिली. 'औषधाविना' असे त्याने लिहिले नाही, 'वेदनेने तळमळत' असेही लिहिले नाही. जे न्यायालयाने लिहिले नाही ते कुलपाने आणि दिरंगाईने भर घालून लिहू नये, एवढेच मागणे. ज्याचा गुन्हा शाबीत झालेला नाही, त्याच्याविषयी तर बोलायलाच नको.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी. "अहो, पैसेवाले कैदी आजाराचे सोंग आणून इस्पितळात मजा मारतात!" मारतात. २०२३ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या ससून रुग्णालयातून अमली पदार्थांच्या प्रकरणातला एक आरोपी निसटला, आणि कैद्यांच्या वॉर्डात काय काय चालते याचा महाराष्ट्रभर बोभाटा झाला. पण त्यातून धडा कोणता घ्यायचा? सोंगाड्याने खाट अडवली की खऱ्या रोग्याची खाट जाते, आणि वर त्याच्या खोकल्यावरही संशय येतो. म्हणजे सोंगाने पहिला बळी घेतला तो खऱ्या आजाऱ्याचा. यावर उपाय दार बंद करणे हा नव्हे. तीन डॉक्टरांनी मिळून तपासावे, मत लेखी द्यावे, ठरलेल्या दिवसांत द्यावे, आणि कोण किती दिवस इस्पितळात आहे याची यादी न्यायाधीशांपुढे उघडी असावी.

मग करायचे काय? आभाळाला हात लावायला नको. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने १० डिसेंबर २०२४ रोजी वृद्ध आणि असाध्य रोगाने आजारी कैद्यांसाठी खास मोहीम सुरू केली, आणि २०२५ साली त्यांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयातही धाव घेतली. ही मोहीम जिल्ह्याजिल्ह्यात कायमची व्हावी. सत्तरीवरच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या कैद्यांची यादी दरमहा जिल्ह्याच्या न्यायाधीशांपुढे जावी. कैद्याने अर्ज करण्याची वाट पाहू नये, कारण अर्ज करण्याइतके त्राण असते तर तो त्या यादीत आलाच नसता. इस्पितळात न्यायला वेगळा पहारा राखून ठेवावा. आणि मरणासन्न माणसाला खाटेला बेड्या ठोकून ठेवू नये. ही आमची भाबडी कल्पना नव्हे. गुवाहाटीच्या इस्पितळात खाटांना जखडलेले बंदी कुलदीप नय्यर यांनी पाहिले, न्यायालयाला पत्र लिहिले, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवले.

सुटका झाली म्हणजे सगळे झाले असेही मानू नये. वीस वर्षांनी बाहेर आलेल्या म्हाताऱ्याला घर असतेच असे नाही. बायको गेलेली, भाऊ तोंड फिरवतात, सुनांनी त्याला कधी पाहिलेलेही नसते. अशाला कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेत फाटकाबाहेर आणून सोडणे म्हणजे दया नव्हे, ती जबाबदारी झटकणे झाले. अशांसाठी वेदनाशामक सेवा हवी, म्हणजे रोग बरा होणार नाही हे मान्य करून वेदना, श्वासाचा त्रास, अंथरुणातल्या जखमा आणि मनाची भीती कमी करणारी. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन हे काम करीत आले आहे. असाध्य दुखण्यावर मॉर्फिन मिळणे सुलभ व्हावे म्हणून २०१४ साली अमली पदार्थांचा कायदाही दुरुस्त झाला. ते मॉर्फिन तुरुंगाच्या भिंतीपाशी अडू नये.

आत राहणाऱ्यांसाठीही वाट आहे. अमेरिकेत लुईझियाना राज्यात अँगोला नावाचा भला मोठा तुरुंग आहे. कडक शिक्षांसाठी तो कुप्रसिद्ध, आणि बहुतेक कैदी जन्मभराचे. तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस मरणासन्न कैद्यांसाठी शुश्रूषेची सोय झाली, आणि शुश्रूषा करणारे कैदीच. ते शिकून घेतात, आजाऱ्याला भरवतात, पुसतात, कूस बदलतात आणि शेवटच्या रात्री पाळीपाळीने उशाशी बसतात. ज्या हातांनी एकेकाळी जीव घेतला, तेच हात कोणाच्या तरी तोंडात पाण्याचे थेंब सोडतात. आमच्या बराकीतही हे घडत नाही असे समजू नका. म्हाताऱ्याला संडासापर्यंत आधार देणारा कोणी तरुण कैदी तिथेही असतो. त्या मायेला थोडे शिक्षण द्या, त्याच्या कामाची नोंद करा, आणि त्याबद्दल त्याला शिक्षेत सूटही द्या.

वामनाने बळीला पाताळात लोटले, ती गोष्ट आपण सांगतो. तिचा पुढचा भाग सांगायचा मात्र राहून जातो. बळीला बंदीत घातल्यावर देव स्वतः त्याच्या दाराशी द्वारपाल होऊन राहिला. ज्याने कोंडले त्याच्यावरच सांभाळायचीही जबाबदारी आली, असा त्याचा सरळ अर्थ. आपण लोकशाहीतली माणसे. आपल्या नावाने खटले चालतात, आपल्या नावाने कुलपे लागतात, तेव्हा दाराशी उभे राहणेही आपल्याच वाट्याला येते.

आता जाता जाता एक कामाची गोष्ट, कात्रण काढून ठेवण्याजोगी. कोठडीत असलेल्या कोणत्याही माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने फुकट वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाची कचेरी असते. तुमच्या ओळखीत, चाळीत, गावाकडे कोणाचा म्हातारा बाप किंवा आई आत असेल, तर घरातली जुनी औषधांची चिठ्ठी, तपासणीचे कागद आणि वयाचा दाखला घेऊन तिथे जायला सांगा. आजार विकोपाला जाईपर्यंत थांबू नका, असेही बजावा. नातेवाईक लाजेने जात नसतील तर तुम्ही बरोबर जा. आणि मुलाकातीला कोणी जात नसेल, तर या दिवाळीत एकदा जायला लावा. आत फराळ नेता येईल की नाही ते नियम ठरवतील. पण "गोळी घेतलीत का?" एवढे जाळीतून विचारायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.